विषारी वायूचा सेन्सर पुन्हा पुन्हा खोटा अलार्म देत असेल तर काय तपासावे

समस्येचे स्वरूप बहुतेक कारखान्यांत सारखेच असते. विषारी वायूचे स्थिर डिटेक्टर बसवले जातात, पुरवठादाराचा तंत्रज्ञ कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन वाचन जुळवणे) करून जातो, सुरुवातीचा काळ सुरळीत जातो आणि मग एखाद्या ठिकाणचा डिटेक्टर गळती नसताना अलार्म देऊ लागतो. सेन्सर खराब झाला असे ठरवून तो बदलला जातो, काही आठवडे शांततेत जातात आणि त्याच जागी, त्याच प्रकारे पुन्हा अलार्म सुरू होतो. तोवर कामगारांचा त्या भोंग्यावरचा विश्वास उडालेला असतो आणि कोणीतरी पॅनेलवर त्या डिटेक्टरचे चॅनेल बायपास करून, म्हणजे अलार्मपासून तोडून, ठेवलेले असते. एकाच जागी दुसऱ्यांदा सेन्सर बदलण्याची वेळ आली, तर दोष सेन्सरमध्ये असण्याची शक्यता कमी आणि तो बसवण्याच्या पद्धतीत, जागेत, जोडणीत किंवा कॅलिब्रेशनमध्ये असण्याची शक्यता अधिक, असे धरून चौकशी सुरू करावी. येथील विवेचन मुख्यतः इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला (ज्याच्या सेलमध्ये वायूच्या रासायनिक अभिक्रियेतून मोजता येणारा विद्युत प्रवाह निर्माण होतो) लागू आहे, कारण हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, क्लोरीन, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड अशा वायूंसाठी उद्योगांत हाच प्रकार सर्वाधिक वापरला जातो.

आधी अलार्म खरा माना

कोणत्याही तपासणीपूर्वी एक गोष्ट निश्चित करावी लागते, ती म्हणजे वायू खरोखरच नाही ना. यासाठी नुकतेच कॅलिब्रेट केलेले स्वतंत्र पोर्टेबल मीटर घेऊन, आवश्यक असल्यास श्वसनसंरक्षक साधन लावून, त्या जागी मोजणी करावी. ‘वास येत नाही, म्हणजे वायू नाही’ हा निष्कर्ष घातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे १०० भाग) आसपास पोहोचले की घ्राणशक्ती बधिर होते आणि वास येईनासा होतो. अमेरिकेच्या नियॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने जीवितास तत्काळ धोकादायक मानलेली पातळीही १०० पीपीएमच आहे.

पोर्टेबल मीटरने एकदा शून्य दाखवले एवढ्यावर थांबू नये. अनेक ‘खोटे’ अलार्म प्रत्यक्षात थोडा वेळ टिकणाऱ्या खऱ्या गळतीचे असतात: टाकी भरताना व्हेंटमधून बाहेर पडणारा वायू, नमुना घेताना उघडलेली झडप, पंप सुरू होताना सीलमधून सुटणारा झोत. तंत्रज्ञ मीटर घेऊन पोहोचेपर्यंत वायू विरलेला असतो. म्हणून शक्य असेल तेथे नोंद ठेवणारे पोर्टेबल मीटर संशयित डिटेक्टरच्या शेजारी काही शिफ्ट टांगून ठेवावे आणि दोन्हींच्या नोंदी एकत्र पाहाव्यात. दोन्ही एकाच क्षणी वर चढले, तर तक्रार डिटेक्टरची राहत नाही, प्रक्रियेची होते. दोन्ही उपकरणांत एकाच प्रकारचा सेल असेल, तर दुसऱ्या एखाद्या वायूने दोघांनाही सारखेच फसवलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

अलार्मची वेळ वाचा

पॅनेल किंवा पीएलसीमधील (यंत्रे नियंत्रित करणारा औद्योगिक संगणक) नोंदी काढून अलार्मच्या वेळा एका कागदावर मांडल्या, तर निम्मे निदान तेथेच होते. दुर्दैवाने हे काम फार कमी ठिकाणी केले जाते, कारण पान्हा घेऊन शिडीवर चढणे हेच खरे काम असल्याची समजूत असते. नोंद काढताना केवळ अलार्मचा क्षण पाहू नये, त्याआधीच्या आणि नंतरच्या तासाभराचा आलेख पाहावा. वायूच्या खऱ्या झोतात वाचन काही सेकंदांत चढते आणि मिनिटांच्या हिशेबात उतरते. तापमान किंवा आर्द्रतेमुळे आलेला बदल तासभर हळूहळू सरकताना दिसतो. विद्युत गोंगाटाचे वाचन मात्र एका नोंदीत उडी मारते आणि पुढच्या नोंदीत खाली येते. कोणताही इलेक्ट्रोकेमिकल सेल इतक्या वेगाने चढउतार करू शकत नाही, कारण अशा सेलना अंतिम वाचनाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायलाच वायूनुसार साधारण अर्धा ते दीड मिनिट लागते.

अलार्म रोज सकाळी ऊन डिटेक्टरवर येताच येत असेल, तर तापमानाकडे पाहावे. पावसानंतर किंवा फरशी धुतल्यानंतर येत असेल, तर पाणी कोठून शिरते ते शोधावे. मोठी मोटर सुरू होताना येत असेल, तर केबलचा मार्ग आणि अर्थिंग तपासावे. साप्ताहिक सुट्टीनंतर वीजपुरवठा पुन्हा सुरू केल्यावर येत असेल, तर सेलला सतत बायस व्होल्टेज लागते का हे माहितीपत्रकात पाहावे. नायट्रिक ऑक्साइडसारख्या काही वायूंच्या सेलमध्ये इलेक्ट्रोडवर कायम ठरावीक व्होल्टेज ठेवावे लागते आणि ते खंडित झाल्यास मूळ वाचन स्थिर व्हायला कित्येक तास, प्रसंगी पूर्ण दिवस लागतो. अशा डिटेक्टरचा पुरवठा बंद करू नये, एवढाच त्यावरचा उपाय असतो.

जागा आणि उंची

डिटेक्टर कोठे लावायचा हे ठरवताना वायू हवेपेक्षा जड की हलका हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि तो योग्यच आहे. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९ धरला, तर क्लोरीन ७१ म्हणजे जवळजवळ अडीचपट जड, सल्फर डायऑक्साइड ६४, हायड्रोजन सल्फाइड ३४, कार्बन मोनॉक्साइड २८ आणि अमोनिया १७ ठरतो. त्यावरून क्लोरीनचा डिटेक्टर जमिनीपासून साधारण ३० ते ६० सेंटीमीटरवर, अमोनियाचा छताजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचा श्वासाच्या उंचीवर, असा ढोबळ नियम केला जातो.

या नियमाचे अंधानुकरण केले की अडचणी उभ्या राहतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा फक्त सुमारे एकपंचमांश जड असल्यामुळे तो गरम प्रक्रियेतून बाहेर पडला तर वर जातो आणि वायुवीजनाचा साधा प्रवाहही त्याला हवा तिकडे नेतो. उलट द्रवरूप अमोनियाची गळती झाली, तर थंड बाष्प आणि सूक्ष्म थेंबांचे मिश्रण सुरुवातीला जमिनीलगत पसरते आणि छताजवळच्या डिटेक्टरला त्याची खबर उशिरा लागते. म्हणून उंची ठरवण्यापूर्वी धूरनळीने (थोडा दिसणारा धूर सोडणारी नळी) हवेचा प्रवाह प्रत्यक्ष पाहावा, तोही पंखे चालू असताना, बंद असताना आणि मोठे दरवाजे उघडे असताना. ही तपासणी फारशी खर्चाची नाही, आणि ती न करता आराखड्यावर टिंबे काढून बसवलेले डिटेक्टर कित्येकदा ताज्या हवेच्या झोतात उभे असल्याचे आढळते. ते अलार्म देत नाहीत म्हणून त्यांच्याविषयी तक्रारही येत नाही, आणि माझ्या मते खोट्या अलार्मपेक्षा हा दोष अधिक गंभीर आहे.

जमिनीलगत लावलेल्या डिटेक्टरवर धुण्याचे पाणी उडते, गाड्यांचा धक्का बसतो, धूळ साचते. अशा ठिकाणी स्प्लॅश गार्ड आणि लोखंडी पिंजरा हवा, सेन्सरचे तोंड खाली असावे आणि पाण्याचा नळ मारणाऱ्या कामगारांना तो काय आहे हे सांगितलेले असावे. क्लोरीन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात विरघळतात, त्यामुळे सेन्सरच्या पडद्यावर पाण्याचा पातळ थर जरी बसला तरी वायू आत पोहोचण्यात अडथळा येतो. वाफेच्या झडपेजवळ, थंड पाण्याच्या नळाखाली आणि कंपन होणाऱ्या पंपाच्या चौकटीवर डिटेक्टर लावू नये. कंपनाने टर्मिनल ढिले होतात आणि मग वाचन कोणत्याही नियमाशिवाय उड्या मारू लागते.

ऊन, उष्णता आणि आर्द्रता

इलेक्ट्रोकेमिकल सेलमध्ये वायू नसतानाही एक अल्प मूळ प्रवाह वाहत असतो आणि तापमान वाढले की तो वाढतो. डिटेक्टरमधील इलेक्ट्रॉनिक्स त्याची भरपाई करतात, पण ती भरपाई सेन्सरच्या शेजारी बसवलेल्या तापमापकावर अवलंबून असते. दुपारचे ऊन धातूच्या आवरणाच्या एका बाजूला तापवत असेल, तर सेल आणि तापमापक यांच्या तापमानात फरक पडतो आणि वाचन सरकते. बहुतेक सेल उणे २० ते अधिक ५० अंश सेल्सिअस या मर्यादेत चालतात. भट्टीजवळच्या किंवा उन्हातल्या आवरणाच्या आतील तापमान ही वरची मर्यादा सहज ओलांडते. उन्हापासून आडोसा देणारी साधी पत्र्याची छत्री लावून कित्येक तक्रारी मिटतात.

आर्द्रतेचा परिणाम दोन प्रकारचा असतो. पहाटेच्या थंड हवेतून अचानक दमट गरम हवा आली की वाचन काही मिनिटे वर किंवा खाली जाते आणि पूर्ववत होते. अशा क्षणिक बदलासाठी अलार्मला काही सेकंदांचा विलंब देता येतो, मात्र वायूचे विषारीपण पाहूनच तो ठरवावा. दुसरा परिणाम दीर्घकालीन असतो. साधारण १५ ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता ही सततच्या वापराची मर्यादा मानली जाते. त्याहून कोरड्या जागी आम्लयुक्त इलेक्ट्रोलाइट सुकत जातो आणि संवेदनशीलता घटते. सतत ओल्या जागी तो पाणी शोषून फुगतो आणि शेवटी गळतो. ज्या ठिकाणी दोन-तीन वर्षे टिकायला हवा असलेला सेन्सर काही महिन्यांतच निकामी होतो, तेथे नवा सेन्सर मागवण्याआधी त्या जागेची आर्द्रता आठवडाभर मोजून पाहावी.

दुसऱ्याच वायूला दिलेला प्रतिसाद

‘विशिष्ट वायूचा सेन्सर’ ही संज्ञा थोडी फसवी आहे. कार्बन मोनॉक्साइडचा सेल हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो, आणि तोही लक्षणीय. त्यामुळे बॅटरी चार्जिंगच्या खोलीजवळ लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर चार्जिंग संपत येताना, म्हणजे हायड्रोजन सर्वाधिक बाहेर पडत असताना, अलार्म देतो आणि सेन्सर कितीही वेळा बदलला तरी देतच राहतो. येथे हायड्रोजनची भरपाई असलेला सेल निवडणे हा उपाय आहे. त्याचबरोबर हायड्रोजन साचतो आहे ही माहिती स्वतंत्रपणे महत्त्वाची आहे, हे विसरता कामा नये.

मद्यार्काची आणि रंगातील सॉल्व्हंटची वाफही अनेक सेलना फसवते. आवरण पुसण्यासाठी स्पिरिट वापरणे, जवळच्या भिंतीला रंग देणे किंवा सॅनिटायझरने हात चोळून लगेच डिटेक्टर हाताळणे यांमुळे आलेले अलार्म काही तासांत आपोआप शमतात, आणि तोपर्यंत बऱ्याचदा सेन्सर बदलून झालेला असतो. रंगकाम सुरू करताना डिटेक्टर झाकावा, ते चॅनेल नोंद करून इनहिबिटवर (अलार्म तात्पुरता रोखून) ठेवावे, त्या काळात पोर्टेबल मीटर द्यावे आणि काम संपताच आच्छादन काढल्याची सही घ्यावी. झाकलेला डिटेक्टर तसाच राहून जाणे ही काल्पनिक भीती नाही.

याची उलट बाजू क्वचितच बोलली जाते. काही वायू वाचन खाली ओढतात. सल्फर डायऑक्साइडचा सेल नायट्रोजन डायऑक्साइडला ऋण प्रतिसाद देतो. म्हणजे डिझेल इंजिनाचा धूर असलेल्या जागी खरा सल्फर डायऑक्साइड असूनही डिटेक्टर कमी वाचन दाखवू शकतो. म्हणून त्या जागी कोणकोणते वायू आणि वाफा येऊ शकतात याची यादी करून इतर वायूंना मिळणाऱ्या प्रतिसादाच्या उत्पादकाच्या तक्त्याशी ती ताडून पाहावी, आणि हे काम खरेदीपूर्वी व्हावे.

केबल, व्होल्टेज आणि अर्थिंग

एक तक्रार अशी असते की डिटेक्टर एरवी व्यवस्थित चालतो, पण कॅलिब्रेशनचा वायू दिला की वाचन चढता चढता अचानक बंद पडते, पॅनेलवर फॉल्ट येतो आणि काही क्षणांनी डिटेक्टर पुन्हा सुरू होतो. याचे कारण बहुधा व्होल्टेजच्या हिशेबात असते. दोन तारांच्या ४ ते २० मिलिॲम्पिअर लूपमध्ये, म्हणजे वाचन प्रवाहाच्या रूपाने पॅनेलकडे नेणाऱ्या विद्युतमार्गात, शांत स्थितीत ४ मिलिॲम्पिअर वाहतात आणि पूर्ण वाचनाला २०. समजा पुरवठा २४ व्होल्टचा आहे, धोकादायक क्षेत्रासाठी ३०० ओहमचा झेनर बॅरियर (ठिणगी पडेल इतकी ऊर्जा पुढे जाऊ न देणारा घटक) आहे, पॅनेलमधील रोध २५० ओहम आहे आणि १ चौरस मिलिमीटरच्या ५०० मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे १८ ओहम आहे. एकूण ५६८ ओहम. शांत स्थितीत यावर केवळ २.३ व्होल्ट खर्ची पडतात आणि डिटेक्टरला जवळजवळ २१.७ व्होल्ट मिळतात. पण २० मिलिॲम्पिअरला ११.४ व्होल्ट खर्ची पडून १२.६ उरतात. डिटेक्टरला किमान १३ व्होल्ट लागत असतील, तर तो शांततेत उत्तम चालेल आणि वायू येऊन वाचन पूर्ण मर्यादेजवळ पोहोचेल त्याच क्षणी बंद पडेल. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते डिटेक्टरच्या टर्मिनलवर आणि लूप २० मिलिॲम्पिअरवर नेऊन. धोकादायक क्षेत्रात आवरण उघडून मोजणी करण्याआधी कामाचा परवाना आणि त्या उपकरणाच्या प्रमाणपत्रातील अटी पाहाव्यात.

केबलचा शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे वेष्टन) एकाच टोकाला, सामान्यतः पॅनेलकडे, अर्थ करावा. दोन्ही टोकांना अर्थ केल्यास दोन जागांच्या अर्थमधील फरकामुळे शिल्डमधून प्रवाह वाहतो आणि ज्याला अडवायचे तोच गोंगाट आत येतो. मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये सिग्नल केबल टाकू नये. वॉकीटॉकीमुळे उडी येते का हे पाहण्यासाठी, त्या क्षेत्रात परवानगी असलेला संच डिटेक्टरजवळ नेऊन बोलून पाहावे. संशय लगेच खरा किंवा खोटा ठरतो.

पावसानंतरच्या अलार्मचे मूळ बहुतेक वेळा ग्लँडमध्ये, म्हणजे केबल आवरणात शिरते तेथील सीलबंद जोडात, असते. केबल वरून आत घेतली असेल, तर पाणी तिच्या अंगावरून उतरून जंक्शन बॉक्समध्ये शिरते, टर्मिनलांदरम्यान गळतीचा मार्ग तयार होतो आणि लूपमध्ये वाढलेला तो प्रवाह पॅनेलला वायूसारखा दिसतो. केबल खालून घ्यावी, आत येण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, न वापरलेली छिद्रे प्रमाणित प्लगने बंद करावीत आणि ग्लँड केबलच्या बाह्य व्यासाला जुळणारा असावा. सिलिकॉन फासून वेळ मारून नेणे हा उपाय नाही. ज्वलनशील वायूचे कॅटॅलिटिक सेन्सर जवळपास असतील, तर सिलिकॉनची वाफ त्यांना निकामी करते.

कॅलिब्रेशनमधून आलेली चूक

सेन्सर नवा, जागा बरोबर, केबल ठीक, तरीही अलार्म येत असेल, तर कॅलिब्रेशनचे साहित्य तपासावे. क्लोरीन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड हे वायू नळीच्या आणि रेग्युलेटरच्या पृष्ठभागाला चिकटतात. पितळी रेग्युलेटर आणि रबरी नळी वापरली, तर सिलिंडरवर २५ पीपीएम लिहिलेले असूनही सेन्सरपर्यंत १८ पीपीएमच पोहोचू शकते. तंत्रज्ञ वाचन २५ वर आणतो, म्हणजे डिटेक्टर कायमचा अधिक संवेदनशील होतो, आणि १० पीपीएमचा अलार्म प्रत्यक्षात ७.२ पीपीएमलाच वाजू लागतो. त्यासाठी रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा, नळी पीटीएफईची (टेफ्लॉनची) व शक्य तितकी लहान, आणि सिलिंडर मुदतीतला असावा. प्रवाहाचा वेग उत्पादकाने सांगितलेलाच ठेवावा. अनेक डिटेक्टरांसाठी तो मिनिटाला सुमारे अर्धा लिटर असतो. वेग जास्त ठेवल्यास कॅलिब्रेशनच्या वेळी वाचन फुगते, ते खाली ओढले जाते आणि पुढे डिटेक्टर खऱ्या वायूला कमी लेखतो.

शून्य करण्यातील चूक याहून लपून राहते. परिसरात ३ पीपीएम वायू असताना त्यालाच शून्य ठरवले, तर स्वच्छ हवेत डिटेक्टरचे खरे वाचन उणे ३ होते. बहुतेक डिस्प्ले ऋण आकडे दाखवत नाहीत, ते शून्यच दाखवतात, आणि १० चा अलार्म १३ पीपीएमला वाजतो. शंका असेल तेथे परिसरातील हवेवर विसंबू नये, शुद्ध हवेच्या सिलिंडरवरच शून्य करावे. नुसता नायट्रोजन दीर्घकाळ देऊ नये, कारण बहुतेक सेलना आतील अभिक्रियेसाठी थोडा ऑक्सिजन लागतो.

नवा सेल बसवताना त्याच्या पिनांवरील शॉर्टिंग स्प्रिंग (साठवणीत पिना एकमेकींना जोडून ठेवणारी) काढली का, हेही पाहावे. ती तशीच राहिली, तर डिटेक्टर कोणत्याही वायूला शून्य दाखवतो आणि खोट्या अलार्मची तक्रार पूर्णपणे मिटल्यासारखे वाटते. बम्प टेस्ट, म्हणजे थोडा वेळ वायू देऊन प्रतिसाद पाहण्याची चाचणी, घेतल्याशिवाय हे उघड होत नाही. ती घेतानाही कॅलिब्रेशन कप थेट सेलवर लावला, तर बाहेरचे स्प्लॅश गार्ड आणि गाळणी वगळली जाते. कोळ्याच्या जाळ्याने, धुळीने किंवा रंगाने बंद झालेले गार्ड अशा चाचणीत सहज उत्तीर्ण होते. म्हणून अधूनमधून गार्डसकट वायू देऊन प्रतिसादाचा वेळ नोंदवावा आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहावा.

अलार्मची पातळी वाढवावी का

हा प्रश्न हमखास विचारला जातो. कारण न शोधता पातळी वाढवणे मला मान्य नाही, कारण ती पातळी संपर्कमर्यादेवरून ठरवलेली असते, सेन्सरच्या सोयीवरून नाही. क्लोरीनसारख्या वायूत तर वावच नसतो. त्याची अमेरिकेतील कायदेशीर कमाल मर्यादा १ पीपीएम आणि तत्काळ धोक्याची पातळी १० पीपीएम आहे. प्लांट बंद करणाऱ्या कृतीसाठी तीनपैकी दोन डिटेक्टरांची सहमती घेण्याची रचना करता येते, मात्र भोंगा आणि दिवा एकाच डिटेक्टरच्या अलार्मवरही चालू झाले पाहिजेत. निवड, स्थापना आणि देखभाल यांसाठी आयईसी ६२९९०-२ हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे, आणि पुरवठादाराशी वाद झाल्यास त्याचा आधार उपयोगी पडतो.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा. आडोसा, केबल आणि सेन्सर एकाच दिवशी बदलले, तर अलार्म थांबण्याचे खरे कारण हाती लागत नाही. बदल कोणता केला, त्या वेळचे तापमान, टर्मिनलवरील व्होल्टेज, शून्य व स्पॅनचे (कॅलिब्रेशन वायूवरचे) आधीचे आणि नंतरचे वाचन, सिलिंडरचा क्रमांक व मुदत आणि प्रतिसादाचा वेळ यांची नोंद त्या डिटेक्टरच्या कार्डावर करावी, आणि ज्या परिस्थितीत अलार्म येत असे तीच परिस्थिती, म्हणजे तो पाऊस, ते ऊन किंवा ती शिफ्ट, पुन्हा येऊन जाईपर्यंत तक्रार बंद करू नये.